सर्व्हर चालू, खाती बंद

८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज एक्सपीचा सपोर्ट बंद केला आणि आमच्या भागातल्या सोसायट्यांना, म्हणजे सहकारी पतसंस्थांना, नवी मशीनं घ्यायची घाई झाली. घाई म्हणजे आमच्याकडची घाई. ऑडिटरचा शेरा उन्हाळ्यात आला, संचालक मंडळात विषय पावसाळ्यात निघाला आणि डबा फुटून कॉम्प्युटर टेबलावर आला तो दिवाळी उरकल्यावर. मी बेळगावात शहापूरला राहतो. नेटवर्क, प्रिंटर, यूपीएस, वेळप्रसंगी डेटाबेस, पडेल ते काम करतो. उचगावच्या बाजूला एका गावात मराठी मंडळींनी चालवलेली एक सोसायटी आहे, तिथलं नेटवर्क माझ्याकडे होतं. पिग्मी (रोज थोडी थोडी जमा होणारी बचत), सोनेतारण आणि ठेवींचं सॉफ्टवेअर मात्र बाहेरच्या एका कंपनीचं. त्यात मी हात घालत नसे.

३१ ऑक्टोबरच्या शुक्रवारी संध्याकाळी रोजकीर्द बंद करायच्या वेळेला लाईट गेली. यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली होती, तिनं जेमतेम शिट्टी मारली आणि जुनं एक्सपी मशीन चालू कामातच बंद पडलं. दुसऱ्या दिवशी १ नोव्हेंबर. कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी, शहरात मराठी भाषकांची काळ्या दिनाची फेरी, आणि त्याच दिवसापासून बेळगावचं सरकारी नाव बेळगावी. सोसायटी बंद. रविवारी कंपनीचा मुलगा आला. जुन्या मशीनची हार्ड डिस्क काढून त्यानं नव्या विंडोज सेव्हनच्या मशीनला लावली, मायएसक्यूएलचं, म्हणजे सगळ्या नोंदी सांभाळणाऱ्या डेटाबेस सर्व्हरचं, अख्खं डेटा फोल्डर उचलून नव्या जागी ठेवलं, सर्व्हिस चालू केली, लॉगिन करून बघितलं, सभासदांची नावं दिसली, आणि तो गेला. त्यानं फोल्डर पूर्ण उचललं, एकही फाईल मागे ठेवली नाही. याचं श्रेय मी त्याला आजही देतो, कारण पुढचं सगळं त्यामुळेच निभावलं.

सोमवारी सकाळी मॅनेजरांचा फोन. त्यांची मातृभाषा कन्नड, पण इतकी वर्षं या गावात काढल्यामुळे मराठी अगदी आमच्यासारखी. “सर, लॉगिन हुतंय, नावं दिसूलालीत, खरं खातं उघडंना झालंय. कायतरी इन्फर्मेशन चुकलीया म्हणतंय.”

मी म्हटलं, कंपनीला फोन करा. केला होता. कंपनीच्या मुलानं सांगितलं होतं की सर्व्हिस ‘स्टार्टेड’ दाखवतेय, म्हणजे आमच्याकडून सगळं बरोबर आहे, तुमच्या जुन्या डिस्कवरचा डेटाच करप्ट आहे. ‘करप्ट’ हा शब्द ऐकला की सोसायटीच्या मॅनेजरांच्या पोटात काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. मी गाडी काढली.

स्क्रीनवरचा निरोप असा होता: एरर १०३३, ‘इनकरेक्ट इन्फर्मेशन इन फाईल’, आणि पुढे खात्यांच्या टेबलाच्या डॉट एफआरएम फाईलचं नाव. म्हणजे सर्व्हर सांगतोय की या फाईलमधली माहिती चुकीची आहे. नाव घेऊन सांगतोय. त्यामुळे ऐकणारा प्रत्येक माणूस त्या फाईलच्या मागे लागतो. कंपनीच्या मुलानं टेबल रिपेअर करायची कमांड देऊन बघितली होती, तीही तेच वाक्य उलट फेकत होती. मग त्यानं आदल्या आठवड्याच्या बॅकअपमधून तेवढीच एफआरएम फाईल मागवून तिच्या जागी ठेवायला लावली होती. काही फरक नाही. पडणारच नव्हता, कारण ती फाईल ठणठणीत होती.

इथं थोडं आतलं सांगायला हवं. तो सर्व्हर होता मायएसक्यूएल ५.०, म्हणजे २००५ सालची पिढी. या पिढीत टेबलाची नुसती रचना, म्हणजे कुठला रकाना कसला, एफआरएम फाईलमध्ये असते. खरा डेटा कुठं असेल ते त्या टेबलाच्या स्टोरेज इंजिनवर, म्हणजे डेटा प्रत्यक्ष साठवणाऱ्या सर्व्हरच्या भागावर, ठरतं. इंजिन मायआयसॅम असेल तर शेजारीच आणखी दोन फाईली. इनोडीबी असेल तर सगळ्यांचा मिळून ‘आयबीडेटा१’ नावाचा एक मोठा डबा, आणि सोबत ‘आयबी लॉगफाईल’ ० आणि १ अशा दोन लॉग फाईली. सर्व्हर टेबल उघडताना आधी एफआरएम वाचतो, त्यात इंजिनची खूण बघतो आणि त्या इंजिनला हाक मारतो. इंजिन जागेवर नसेल तर ५.० मध्ये त्याच्याकडे सांगायला वेगळं वाक्यच नव्हतं. ‘फाईलमधली माहिती चुकीची’ असं म्हणून तो मोकळा होई.

मग नावं कशी दिसत होती? सभासदांचं टेबल आणि युजर-पासवर्डचं टेबल फार पूर्वी, मायआयसॅमच्या जमान्यात तयार झालेली होती. ती उघडत होती. खाती, ठेवी, तारण ही पैशाची टेबलं कंपनीनं नंतर इनोडीबीवर नेलेली. ती सगळी बंद. म्हणून अर्धं घर उजेडात, अर्धं अंधारात. पूर्ण बंद असतं तर सगळ्यांनी आधी सर्व्हरकडे बघितलं असतं. अर्धं चालू होतं म्हणून सगळे डेटाकडे बोट दाखवत होते.

मी कमांड लिहायच्या काळ्या खिडकीत ‘शो इंजिन्स’ टाकलं. यादीत इनोडीबीसमोर ‘डिसेबल्ड’. येस नाही, नो नाही, डिसेबल्ड. हा शब्दही फसवा आहे. वाचणाऱ्याला वाटतं कोणीतरी मुद्दाम बंद करून ठेवलंय, सेटिंगमध्ये एक टिक मारली की चालू होईल. प्रत्यक्षात इंजिननं उठायचा प्रयत्न केला होता, त्याला उठता आलं नाही, आणि सर्व्हरनं त्याच्याशिवाय कारभार सुरू केला. स्क्रीनवर कुठंही, कोणालाही, एका शब्दानं न सांगता.

सांगितलं होतं ते एरर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हर स्वतःच्या घडामोडी लिहून ठेवतो त्या फाईलमध्ये. आणि इथं आणखी एक गंमत. विंडोजवर या पिढीची एरर फाईल डेटा फोल्डरमध्येच असते आणि तिला कॉम्प्युटरचं नाव मिळतं. डेटा फोल्डर जुन्या मशीनवरून जसंच्या तसं आलेलं, म्हणजे त्यात जुन्या मशीनच्या नावाची डॉट ईआरआर फाईल होती, मोठी, कितीतरी वर्षांची. नव्या मशीनचं नाव वेगळं, तिची नवी छोटी फाईल शेजारी. कंपनीच्या मुलाला मॅनेजरांनी फोनवर लॉग वाचून दाखवला होता तो त्या जुन्या फाईलचा. तिच्या शेवटच्या ओळी शुक्रवारच्या आधीच्या, सगळं आलबेल सांगणाऱ्या. साहजिकच त्यानं निष्कर्ष काढला की लॉगमध्ये काही नाही.

मी फोल्डर तारखेप्रमाणे लावलं, नवी फाईल उघडली. दर वेळी सर्व्हिस चालू केल्यावर तोच चार ओळींचा घास होता. आधी १४११०३, म्हणजे वर्ष, महिना, दिवस एकत्र चिकटवलेली तारीख. मग इनोडीबीची ओळ: लॉग फाईल ० ची साईज वेगळी आहे, ‘० ५२४२८८० बाइट्स’, आणि खालच्या ओळीत, डॉट सीएनएफ या सेटिंगच्या फाईलमध्ये सांगितलेल्या ‘० ६७१०८८६४ बाइट्स’पेक्षा. आणि त्याच्या खाली सर्व्हरची स्वतःची ओळ, ‘रेडी फॉर कनेक्शन्स’.

या एवढ्याशा मजकुरात किती अडथळे आहेत ते बघा. पहिला म्हणजे तो सुटा शून्य. ‘० ५२४२८८०’ वाचून माणूस विचार करतो की हा शून्य कसला, फाईल शून्य बाइटची झाली का? मॅनेजरांनी तसं विचारलंच. तो आकडा दोन तुकड्यांत छापलेला असतो. साईज चार जीबीच्या वर गेली तरच पहिल्या तुकड्यात काही येतं, एरवी तिथं शून्य. प्रोग्रामरच्या सोयीचा हिशेब तसाच वाचणाऱ्याच्या अंगावर टाकलेला. दुसरा अडथळा, ‘डॉट सीएनएफ’. विंडोजवर त्या मशीनमध्ये सीएनएफ नावाची फाईलच नव्हती, तिथं ‘माय डॉट आयएनआय’ असते. शोधणारा सीएनएफ शोधत बसतो. तिसरा, या ओळींच्या पुढे चौकटी कंसात ‘एरर’ असा ठळक शिक्का नाही. सर्व्हरच्या इतर ओळींना नोट, वॉर्निंग, एरर अशा पट्ट्या असतात, इनोडीबी तेव्हा स्वतःचं वेगळंच पुटपुटायचं. आणि चौथा, मला सर्वांत जास्त राग येतो तो, शेवटची ओळ आनंदाची. आपण सगळे लॉग खालून वर वाचतो. खाली ‘रेडी’ दिसलं की वर कोण जातो?

त्या ओळीत कारण होतं, पण परिणाम नव्हता. साईज वेगळी आहे, बरं, मग? म्हणून मी इनोडीबी चालू करत नाही, म्हणून इनोडीबीची सगळी टेबलं आता उघडणार नाहीत, हे कोणी लिहायचं? आणि ज्या निरोपात परिणाम होता, त्या १०३३ मध्ये कारण नव्हतं. ही दोन वाक्यं दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या माणसांना दिसत होती. मॅनेजरांना एक, लॉग उघडेल त्याला दुसरं. जोडणारा कोणी नाही.

साईज वेगळी का झाली ते माय डॉट आयएनआय उघडल्यावर लगेच कळलं. त्या काळी मायएसक्यूएलसोबत तयार सेटिंगच्या फाईली मिळत, स्मॉल, मीडियम, लार्ज, ह्यूज अशा. जुन्या मशीनवर मीडियम होती, तिच्यात इनोडीबी लॉग ५ एमबी. नवं मशीन दणकट, म्हणून मुलानं लार्ज घेतली, आणि ‘इनोडीबी वापरत असाल तर खालच्या ओळी उघडा’ अशी सूचना वाचून त्या उघडल्या. तिथं बफर पूल, म्हणजे इनोडीबीसाठी राखलेली मेमरी, २५६ एमबी आणि लॉग ६४ एमबी. सूचना पाळण्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण डेटा फोल्डरातल्या लॉग फाईली ५ एमबीच्या बनलेल्या. इनोडीबी ५.० ला दोन्ही आकडे तंतोतंत जुळावे लागतात, नाहीतर ते उठत नाही.

एवढ्यात मुलाचा फोन आला. त्यालाही शोधता शोधता कुठंतरी उपाय सापडला होता. “सर, ते आयबी लॉगफाईल दोन्ही डिलीट करा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. नवीन बनतात. हमखास चालतं.”

चालतं, हे खरं आहे. नीट बंद केलेला सर्व्हर असेल तर जुन्या लॉग फाईली बाजूला ठेवून नव्या साईजच्या बनू देणं हाच त्या पिढीतला रीतसर मार्ग होता. पण आमचा सर्व्हर नीट बंद झाला नव्हता. शुक्रवारी लाईट गेली तेव्हा चालू कामात गेला, आणि त्यानंतर ती डिस्क एकदाही त्या सर्व्हरवर चालू न करता सरळ कॉपी झाली. इनोडीबी व्यवहार पक्का झाला की आधी लॉगमध्ये लिहून ठेवतं आणि मोठ्या डब्यात मागाहून, सवडीनं उतरवतं. म्हणजे शुक्रवारच्या शेवटच्या नोंदी त्या ५ एमबीच्या लॉगमध्ये होत्या आणि आयबीडेटा१ मध्ये उतरल्या असतील किंवा नसतील. लॉग उडवला असता तर इंजिन उठलं असतं आणि डब्यातली काही पानं जुनी, काही नवी, अशी खिचडी कायमची झाली असती. आणि हा सगळा विचार तो निरोप वाचून कोणाला सुचणार? ‘लॉग फाईल’ म्हटलं की कोणालाही वाटतं, लॉगच तर आहे, रद्दी, काढून टाका. मी मुलाला म्हटलं, “अरे थांब, हात लावू नको. शुक्रवारची रोजकीर्द त्यात आहे.” तो गप्प झाला, मग म्हणाला, “असं काही लिहिलेलं नाही की ओ तिथं.” बरोबर बोलला तो.

सर्व्हिस थांबवली. डेटा फोल्डरची एक अख्खी प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर काढली. कितीही घाई असली तरी याच्याआधी काही करू नये. मग माय डॉट आयएनआयमध्ये ६४ च्या जागी ५ केलं, बफर पूल मोठाच राहू दिला, त्याचा या भानगडीशी संबंध नव्हता. सर्व्हिस चालू. या वेळी नव्या फाईलमध्ये ओळी बदलल्या. डेटाबेस नॉर्मली शट डाऊन झाला नव्हता, क्रॅश रिकव्हरी सुरू करतोय, अर्धवट लिहिलेली पानं डबलराईट बफरमधून, म्हणजे पानांची आधी काढून ठेवलेली प्रत असते तिथून, पूर्ववत करतोय. नवख्या माणसाला या ओळी वाचून धडकीच भरेल. मला त्या दिवशी त्याहून गोड वाक्य दुसरं नव्हतं. मिनिटभरात रिकव्हरी संपली, ‘शो इंजिन्स’मध्ये येस आलं, खाती उघडली, आणि शुक्रवारच्या शेवटच्या पावतीपर्यंत सगळं जागेवर. मॅनेजरांनी चहा मागवला.

चहा येईपर्यंत दुसरं प्रकरण बाहेर आलं.

पिग्मी गोळा करणाऱ्या एक आक्का आहेत. गावातल्या दुकानदारांकडून रोज दहा, वीस, पन्नास रुपये घेऊन मशीनमधून पावती फाडायची आणि सोसायटीत येऊन मशीन कॉम्प्युटरला लावायचं, हे त्यांचं काम. शनिवार-रविवारची वसुली घेऊन त्या सोमवारी सकाळी आल्या होत्या आणि कारकुनानं ती चढवायचा प्रयत्न करून बघितला होता. एरर आली म्हणून पुन्हा. पुन्हा एरर, पुन्हा प्रयत्न. आता खाती उघडल्यावर पिग्मी रजिस्टर बघतो तर आक्कांच्या प्रत्येक पावतीच्या चार-चार नोंदी, आणि खातेदारांच्या खात्यात मात्र एकही जमा नाही.

हे कसं झालं ते समजायला मला थोडा वेळ लागला. हे सॉफ्टवेअर दर महिन्याच्या पहिल्या लॉगिनला त्या महिन्याचं पिग्मीचं नवं टेबल तयार करतं. नोव्हेंबरचं पहिलं लॉगिन रविवारी त्या मुलानंच केलं होतं, नावं दिसतात का बघायला. सॉफ्टवेअरनं सर्व्हरला सांगितलं, इनोडीबीमध्ये टेबल बनव. इनोडीबी तर उठलेलंच नव्हतं. सर्व्हरनं काय करावं? नाही म्हणावं. ५.० नं त्याऐवजी ते टेबल मायआयसॅममध्ये बनवून दिलं आणि वॉर्निंग क्रमांक १२६६ ठेवून दिली: अमुक टेबलासाठी मायआयसॅम वापरतोय. वॉर्निंग कोणी मागितली तरच दिसते. सॉफ्टवेअर मागत नव्हतं. इंजिन बदलून देऊ नको, त्यापेक्षा चक्क नकार दे, असं सांगणारी एक सेटिंग तेव्हाही होती, ‘नो इंजिन सबस्टिट्यूशन’. ती त्या तयार लार्ज फाईलमध्ये नव्हती.

मायआयसॅमला व्यवहार मागे फिरवता येत नाही. कारकून पिग्मी चढवायला गेला, पावती नोव्हेंबरच्या टेबलात पडली, मग खात्यात जमा करायची पायरी आली, तिथं १०३३. सॉफ्टवेअरनं इमानदारीत सांगितलं, सगळं मागे घे. खात्यात काही झालंच नव्हतं. पावती मात्र मायआयसॅममध्ये पडलेली, ती तिथंच राहिली. जितके प्रयत्न, तितक्या पावत्या.

मी याच गोष्टीवर इतका रेंगाळतोय, कारण माझ्या मते एररचा मजकूर वाईट असणं ही निम्मीच तक्रार आहे. स्टोरेजचा मुख्य भाग उठला नाही तर सर्व्हरनं उभंच राहू नये. तो लंगडत उभा राहिला आणि लोकांकडून पैसे घेऊ लागला, नुकसान तिथून सुरू झालं. खाती बंद होती तोवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

निस्तरलं ते हातानं. आक्कांच्या मशीननं ‘पोहोचलं’ असा होकार न मिळाल्यामुळे आतला डेटा पुसला नव्हता, शिवाय कागदाचा रोल होताच. नोव्हेंबरच्या टेबलातल्या त्या नोंदी काढल्या, टेबलाचं इंजिन बदलून इनोडीबी केलं, मशीन पुन्हा लावलं आणि आक्का रोल उलगडून एकेक नाव वाचत गेल्या, मॅनेजर स्क्रीनवर बोट ठेवत गेले. “किराणा, पन्नास. चक्की, वीस. सलून, दहा. ह्ये बघा, ह्यानं काल दिलेलंच न्हाई, आज देतो म्हणालाय.” बेरीज जुळली. पावती क्रमांकांत मात्र भोक पडलं, कारण काढून टाकलेल्या नोंदींनी आपापले नंबर खाल्ले होते. मॅनेजरांनी रजिस्टरमध्ये कन्नडमध्ये शेरा लिहिला, खाली चेअरमननी मराठीत सही केली. मार्चनंतरच्या ऑडिटला त्या भोकाबद्दल विचारणा झाली, शेरा दाखवला, भागलं.

पुढच्या आवृत्त्यांत हे सुधारलं का? बरंचसं. इनोडीबी मुळात फिनलंडच्या हैक्की तुरींनी घडवलेलं, त्यांची इनोबेस ही कंपनी २००५ साली ओरॅकलनं घेतली. मायएसक्यूएलच्या घरात ते बराच काळ बाहेरचं होतं, म्हणून ते नसलं तरी घर चालायचं. २०१० सालच्या ५.५ पासून तेच मुख्य इंजिन झालं आणि ते उठलं नाही तर सर्व्हरही थांबू लागला. ५.६ मध्ये तर लॉगची साईज बदलली की ते आधीचं नीट उतरवून घेतं आणि नव्या आकाराच्या फाईली स्वतः बनवतं. परस्पर इंजिन बदलायला नकार देणारी सेटिंगही त्याच पिढीत मूळचीच झाली. आमच्या सोसायटीतला सोमवार ५.६ वर घडलाच नसता.

निरोपांचं मात्र तसं म्हणता येत नाही. एका वाचनालयाची वेबसाइट भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर आहे. ती बंद पडली तेव्हा लॉगचा शेवट होता, ‘अननोन ऑर अनसपोर्टेड स्टोरेज इंजिन: इनोडीबी’, खाली ‘अबॉर्टिंग’. सांभाळणारा कॉलेजचा पोरगा इनोडीबी कुठून डाउनलोड करायचं ते शोधत होता, कारण वाक्याचा सरळ अर्थ तोच होतो की हे इंजिन मला माहीत नाही. खरं कारण त्याच्या कितीतरी वर होतं: एमएमॅप (मेमरी मागायची हाक), १३७३६३४५६ बाइट्स, फेल्ड, एररनंबर १२. म्हणजे बफर पूलसाठी मागितलेली साधारण १२८ एमबी मेमरी मिळाली नाही. वेबसर्व्हरनं सगळी रॅम खाल्ली होती. मेमरी नाही म्हणून पूल नाही, पूल नाही म्हणून इंजिन नाही, इंजिन नाही म्हणून नाव अनोळखी, अशी माळ होती आणि हातात आला तो तिचा शेवटचा मणी.

खानापूरकडच्या एका शाळेत झॅम्प होतं, म्हणजे वेबसर्व्हर आणि मायएसक्यूएल एकत्र देणारं पॅकेज. त्याचा पॅनेल लाल अक्षरांत म्हणायचा की मायएसक्यूएल अनपेक्षितपणे बंद झालं, कारण पोर्ट अडलेला असेल, काही घटक नसतील, परवानग्या नसतील, क्रॅश असेल किंवा दुसऱ्या मार्गानं बंद केलेलं असेल. झालं, जगातली सगळी कारणं आली. तिथले सर स्काइपचा पोर्ट बदलून बसले होते, कुठंतरी वाचून. लॉगमध्ये विंडोजचा एरर ३२ होता आणि त्याखाली इनोडीबीनं चक्क सरळ भाषेत लिहिलेलं होतं की दुसरा एखादा प्रोग्राम माझ्या फाईली वापरतोय, बॅकअपचा असेल, अँटिव्हायरस असेल किंवा मायएसक्यूएलच दुसऱ्यांदा चालू असेल, तो बंद करा. हा मी वाचलेल्या निरोपांतला सर्वांत चांगला निरोप आहे. काय झालं, कोण असू शकतं, काय करा, तिन्ही गोष्टी आहेत. बॅकअपचा प्रोग्राम थांबवला, मायएसक्यूएल उठलं. एवढं चांगलं वाक्य पॅनेलच्या त्या गोळाबेरीज यादीखाली गाडलेलं होतं.

आता फोनवर कोणी म्हणालं की डेटाबेस उठत नाही, तर मी शेवटची ओळ ऐकूनच घेत नाही. फोल्डर तारखेप्रमाणे लावा म्हणतो, सर्वांत नवी फाईल उघडा म्हणतो, आजची तारीख आणि आत्ताची वेळ जिथून सुरू होते तिथून खाली वाचत या, आणि ‘इनोडीबी’ शब्द असलेली, नेहमीपेक्षा वेगळी वाटणारी पहिली ओळ सापडली की अक्षर न गाळता वाचा. नोट लिहिलंय का एरर लिहिलंय त्याकडे बघू नका. ओएस एरर म्हणून आकडा असेल तर तो आधी सांगा: लिनक्सवर १३ म्हणजे परवानगी नाही, ११ म्हणजे फाईल दुसऱ्यानं धरून ठेवलीय, १२ म्हणजे मेमरी नाही, २८ म्हणजे डिस्कवर जागा नाही. आणि आयबी नावानं सुरू होणाऱ्या एकाही फाईलला हात लावायचा नाही, प्रत काढेपर्यंत तर नाहीच.

कंपनीचा तो मुलगा आता चिक्कोडीकडच्या सोसायट्या बघतो. मागे त्याचा फोन आला, मायएसक्यूएलची आवृत्ती ८ आहे, ‘डीडी स्टोरेज इंजिन इनिशियलाइज होऊ शकलं नाही’ असं येतंय. ८ मध्ये सर्व्हरची स्वतःची टेबलांची नोंदवहीच, म्हणजे ही डीडी, इनोडीबीत गेली, म्हणून इनोडीबी पडलं की आता हे वाक्य येतं. मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, “थांबा की सर, वरचं वाचतो,” आणि दहा मिनिटांनी त्याचा मेसेज आला: डिस्क फुल्ल होती, जुने बॅकअप हलवले, चालू झालं.